विहिरीपाशी डावीकडे: एका ग्लायडर अपघाताचं प्रकरण

अपघाताच्या कागदात कारणाचा एक रकाना असतो. या प्रकरणात तिथे लिहिलं होतं: फायनलच्या (म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्याच्या) वळणात वैमानिकाची चूक. खाली तीन सह्या. त्यातली एक माझी.

सही खोटी नव्हती. वळण चुकलं होतं आणि ते वैमानिकाच्याच हातून चुकलं होतं. पण परवा, तीस-पस्तीस वर्षांनी, तोच वैमानिक नागपूरला धरमपेठेत माझ्या घरी आला, नातीच्या चित्रकलेच्या वहीतला एक कागद मागून घेतला आणि आम्ही दोघांनी ते उड्डाण शेवटाकडून सुरुवातीकडे काढत नेलं. चहा दोनदा गार झाला. जे हाती लागलं ते लिहून ठेवतो. संस्थेचं आणि मैदानाचं नाव देत नाही. त्याचंही देत नाही. ग्लायडिंगच्या शिबिरात पोरांना गावावरून हाक मारायची रीत होती. कोणी हिंगणा, कोणी सावनेर, कोणी उमरेड. तसा हा काटोल.

मैदान आणि ग्लायडर

शहर सोडून बाहेर पडल्यावर काळ्या मातीच्या शेतांमध्ये मुरूम दाबून केलेली एक धावपट्टी होती. पूर्व-पश्चिम, लांबी १,२०० मीटर. विंच, म्हणजे ग्लायडरला बांधलेली तार गुंडाळत ओढणारं यंत्र, पश्चिम टोकाला. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पूर्व टोकाला उभं राहायचं, विंचने तार ओढली की पश्चिमेकडे तोंड करून वर चढायचं, आणि उतरतानाही तोंड पश्चिमेकडेच ठेवून निघाल्या जागेजवळ टेकायचं. उत्तरेच्या अंगाला तंबू, रसोडा आणि गाड्या. म्हणून उतरण्याआधीचा फेरा, म्हणजे सर्किट, कायम दक्षिणेकडून आणि डाव्या हाताने.

फेरा असा. पट्टीला समांतर पूर्वेकडे जायचं. पट्टी संपली की थोडं पुढे एक जुनी दगडी विहीर दिसायची. तिच्यावर डावीकडे वळायचं, जरा उत्तरेला जायचं, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ आली की पुन्हा डावीकडे. समोर पट्टी. आकडेही ठरलेले: पट्टीच्या मध्यासमोर २०० मीटर, विहिरीवर १२०, बाभळीवर ८०. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची. पाढा मीच शिकवला होता.

ग्लायडर रोहिणी. आपल्याकडे बनलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं द्यायची चाल होती: अश्विनी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी पहिल्यांदा उडालं १९६१ साली. लाकूड, प्लायवूड आणि कापड. दोन आसनं शेजारी-शेजारी, त्यामुळे शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याचा हात नुसता दिसायचाच नाही, तर त्याच्या दंडाला दंड लागून कळायचाही. विदर्भात या नावाला एक जादा अर्थ होता. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. ग्लायडर उन्हात उभं असलं की पोरं त्याच्या लाकडाला हात लावून म्हणायची, "सर, रोहिणी तापली."

अपघात झाला तो नवतपा लागायच्या तीन-चार दिवस आधी.

काटोल तेव्हा २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझ्यासोबत साठेक लाँच, म्हणजे उड्डाणं, एकट्याने १९. हात मऊ. त्याचं उतरणं पाहायला बाकीची पोरं हातातलं काम थांबवायची. हे मुद्दाम सांगतो, कारण अपघात झाला की "कच्चा होता" असं म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. तो कच्चा नव्हता.

ती दुपार

सकाळचं उडणं दहाला संपायचं. मोठ्या पोरांना थर्मल, म्हणजे वर जाणाऱ्या गरम हवेचे झोत, शिकता यावेत म्हणून त्या दिवशी दोननंतर पुन्हा विंच सुरू केला. पारा ४४ अंशांवर. सकाळी पश्चिमेची झुळूक होती. दुपारी वारा नैर्ऋत्येला फिरला आणि ताशी वीस-पंचवीस किलोमीटरवर गेला. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक पट्टीला तिरका उभा. नांगरलेल्या शेतांतून वावटळी उठत होत्या. वावटळ दिसली म्हणजे वर जाणारी हवा आहे हे सगळ्यांना कळतं. तेवढीच हवा आजूबाजूला कुठेतरी खाली येत असते, ते डोळ्यांना दिसत नाही.

विंचने त्याला ३०० मीटरवर सोडलं. वीटभट्टीवर थर्मल मिळाला आणि तो ६२०पर्यंत गेला. थर्मल वाऱ्यासोबत वाहतो, त्यात घिरट्या घालणारं ग्लायडरही वाहत जातं. तो ईशान्येला सरकत गेला, मग थर्मल विरला. दुसरा शोधण्यात आणखी उंची गेली. ४८० मीटरवर त्याने नाक मैदानाकडे वळवलं तेव्हा तो दीडेक किलोमीटर दूर होता आणि वारा समोरून.

पट्टीच्या उत्तर कडेवर आला तेव्हा त्याच्या आठवणीप्रमाणे उंचीचा काटा २१०वर होता. मी खाली उभा होतो. मला वाटलं, आता हा उत्तरेकडूनच, उजव्या हाताने वळून आत येणार. तो आमच्या डोक्यावरून पट्टी ओलांडून दक्षिणेला गेला. ग्लायडरमध्ये रेडिओ नव्हता. "अरे, कुठे?" एवढंच मी मोठ्याने म्हटलं, तेही रसोड्यातल्या बाईंना ऐकू गेलं असेल तेवढंच.

दक्षिणेला पट्टीच्या मध्यासमोर १४०. विहिरीवर ७५. मग तो उत्तरेला वळला, बाभूळ आली आणि गेली, नाक डावीकडे फिरताना दिसलं, पण पंख जेवढा कलायला हवा तेवढा कललेला नव्हता. एक क्षण ग्लायडर हवेत थबकल्यासारखं वाटलं. मग डावा पंख खाली गेला, जणू कोणी खालून दोरी ओढली.

वाचला तो धुऱ्याशी रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगामुळे. पंखाचं टोक आधी ढिगात शिरलं, ग्लायडर त्याभोवती फिरलं आणि पोट आडवं आपटलं. कमरेचा एक मणका दबला, उजवा घोटा मोडला. सहा आठवडे मेडिकल हॉस्पिटलमध्ये. शेतकऱ्याने पऱ्हाटीचे पैसे मागितले आणि ते रास्तच होतं. घराचं वर्षभराचं सरपण होतं ते.

शेवटची दहा सेकंदं

चौकशीत सगळ्यात आधी उंची दाखवणारा अल्टिमीटर तपासला. आमच्याकडे दुपारी हवेचा दाब सकाळपेक्षा तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, उन्हाळ्यात तर हमखास. सकाळी शून्यावर लावलेला काटा दुपारी जमिनीवरच पंचवीस-तीस मीटर दाखवायला लागतो. त्याने लाँचआधी काटा पुन्हा शून्यावर घेतला होता. ग्लायडरमध्ये इंजिनाची थरथर नसल्यामुळे काटा मध्येच अडकून बसतो, म्हणून काचेवर टिचकी मारायची असते. तीही तो मारत होता. तारा, रडर (पायाने चालणारं, नाक डावी-उजवीकडे फिरवणारं शेपटीचं सुकाणू), पंखांवरच्या ब्रेकचा दांडा, सगळं जागच्या जागी. यंत्र निर्दोष ठरलं आणि उरला तो माणूस.

आता वळण. उतरताना त्याला वारा दोनदा मागून मिळाला. पूर्वेकडे जाताना मिळाला, तो अपेक्षितच होता. पण वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे विहिरीवरून उत्तरेला वळल्यावरही तो पाठीशीच राहिला. सकाळच्या पश्चिम झुळकीत असं होत नव्हतं. त्याशिवाय ४४ अंशांची हवा पातळ असते. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटरवर आहे, पण त्या उष्णतेत हवा साडेचौदाशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगाचा काटा ताशी ८० दाखवत असेल तर ग्लायडर हवेतून प्रत्यक्षात ८६ने जात असतं. त्यात मागचा वारा मिळवा. जमिनीवरून तो शंभराच्या वर चालला होता.

"सर, मले वाटलं स्पीड भल्ली आहे," तो म्हणाला. "जमीन अशी पळून राहिली होती खालून."

"आणि काटा?"

"काट्याकडे कोण पाहते जी तवा? बाभूळ पाहून राहिलो होतो."

जमीन पळताना दिसली की हात आपोआप स्टिक, म्हणजे हातातला दांडा, मागे घेतो. नाक वर जातं, हवेतला वेग उतरतो. ग्लायडरला जमिनीवरच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. पंखाला कळतो तो फक्त हवेतला वेग. त्याने किती मागे घेतलं ते त्याला आठवत नाही. आठवण्यासारखं ते नसतंच.

दुसरा चकवा मला स्वतःलाही कितीतरी वर्षांनी कळला. उंचावर वळताना आतल्या पंखाचं टोक जमिनीवरून मागे सरकताना दिसतं. हजार वेळा पाहून डोळा त्याला "वळण नीट चाललंय" असं वाचायला शिकतो. एका विशिष्ट उंचीच्या खाली हेच टोक पुढे सरकताना दिसतं, आणि डोळ्याला वाटतं आपण वळतच नाही, नुसते वाहत चाललोय. ही उंची जमिनीवरच्या वेगाच्या वर्गावर ठरते: मीटर-सेकंदातला वेग, त्याचा वर्ग, भागिले ९.८. सकाळच्या शांत हवेत ताशी ८०-८२ वेगाला ती ५२ मीटरच्या आसपास येते. आमचं शेवटचं वळण ८०वर असायचं, म्हणजे चकव्याच्या वर. त्या दुपारी शंभराच्या वेगाला ती ८०पर्यंत चढली, आणि काटोल वळत होता पंचावन्नवर. एवढ्या लाँचमध्ये त्याने हे दृश्य एकदाही पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकटा होता.

वाऱ्याने त्याला पट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं. रेषेवर परतायचं तर पंख आणखी कलवायला हवा होता. पण जमीन इतकी जवळ असताना पंख खाली टाकायला कोणाचाही हात धजत नाही. मग पाय कामाला लागतो. त्याने डावा रडर दाबला. नाक डावीकडे आलं, खरं. पण रडरने फिरवलेल्या वळणात बाहेरचा पंख वेगाने जातो, वर उचलला जातो आणि कल आपोआप वाढत जातो. शिवाय जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा असतो, त्यामुळे वरच्या पंखाला जादा उचल मिळते. कल वाढतोय म्हणून त्याने स्टिक उजवीकडे घेतली. नाक खाली जातंय म्हणून मागे घेतली. डावा पाय आत, उजवीकडे स्टिक, आणि शिवाय ती मागे. पाठ्यपुस्तकात स्पिन, म्हणजे गिरक्या घेत कोसळणं, कसा सुरू करावा याचं वर्णन याहून वेगळं नसतं.

उजवीकडे स्टिक घेतली की डाव्या पंखावरचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती फळी) खाली जातो आणि आधीच मंद झालेल्या त्या पंखाचा हवेशी कोन आणखी वाढतो. तोच पहिला स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याला उचलून धरेनाशी होते. हिशेबाला सोपं म्हणून सरळ उडतानाचा स्टॉलचा वेग ताशी ६० धरा. ३० अंश कलला की तो ६४-६५वर जातो, ४५ला ७१च्या वर, ६०ला जवळजवळ ८५. ओटो लिलिएंथाल १८९६ साली असाच स्टॉल होऊन पंधराएक मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्यापासून आजपर्यंत स्टॉलचं शास्त्र बदललेलं नाही. प्रशिक्षणाच्या ग्लायडरला स्पिनमधून सरळ व्हायला पन्नास ते शंभर मीटर लागतात. त्याच्याकडे चाळीसेक होते. त्या क्षणानंतर काटोलच्या जागी मी असतो तरी फरक पडला नसता.

इथे एक घोळ नेहमी होतो, म्हणून थोडं थांबतो. पाय एकीकडे आणि स्टिक दुसरीकडे हे दर वेळी घातक नसतं. जुलै १९८३मध्ये कॅनडात इंधन संपलेलं एक बोइंग ७६७ गिमली नावाच्या गावी सोडून दिलेल्या धावपट्टीवर उतरवलं गेलं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. उंची जास्त होती, इंजिनं बंद होती, तेव्हा त्यांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखं बाजूने घसरवत खाली आणलं. सगळे वाचले. ती स्लिप होती: पंख ज्या बाजूला खाली, त्याच्या उलट बाजूचा रडर. काटोलने केलं ते स्किड: पंख खाली ज्या बाजूला, रडरही त्याच बाजूला. स्लिपमध्ये स्टॉल झाला तरी आधी वरचा पंख बसतो, विमान सपाटीकडे येतं. स्किडमध्ये आतला पंख आधी जातो आणि माणूस पालथा पडतो. गिमलीची गोष्ट सांगून मी वर्गात टाळ्या घेत असे. त्या गोष्टीची ही उलटी बाजू मात्र फळ्यावर दोन ओळींत उरकलेली असायची.

उंची कुठे गेली

कागदावर आम्ही एक आकडा काढला आणि दोघंही गप्प झालो.

रोहिणीसारख्या लाकडी ग्लायडरला शांत हवेत एक मीटर उंचीमागे वीसेक मीटर अंतर मिळतं असं धरू. ३०० मीटरवरून सहा किलोमीटर. हे पोरांना पाठ. आता समोरून ताशी २० किलोमीटर वारा आणि हवा सेकंदाला दोन मीटरने खाली जाणारी. ग्लायडर स्वतः सेकंदाला १.२ मीटर उतरतं, एकूण ३.२. जमिनीवरून पुढे सरकतं सेकंदाला अठरा मीटर. भागा. वीसाचे सहासुद्धा राहत नाहीत. ४८० मीटरवरून दीड किलोमीटर परत यायला दोनशे साठ मीटर लागले. त्याचं २१० जवळपास तिथेच जुळतं.

आम्ही शिकवायचो सकाळी. सकाळी खाली येणारी हवा नसते. त्याचं गणित चुकलं म्हणायचं तर ज्या हवेचं गणित त्याला शिकवलं तीच हवा नव्हती.

तरीही २१० म्हणजे मरणाची उंची नव्हे. उत्तर कडेवरून, २१० मीटरवरून, त्याला काय काय करता आलं असतं? जागेवरच डावीकडे वळून थोडं पूर्वेला जायचं आणि उत्तरेच्या बाजूने आत यायचं. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे दक्षिणेकडे येताना तो समोरून मिळाला असता, जमीन संथ सरकली असती, रेषा ओलांडून जायची भीती नव्हती. तंबूंवरून उडायला मनाई होती, खरं. पण तंबूंपासून पन्नास मीटर सोडून जाण्याइतकी जागा होती. किंवा नुसतं पट्टीच्या मध्यावर वळून उरलेल्या अर्ध्या पट्टीत उतरायचं. ग्लायडरला टेकून थांबायला दीड-दोनशे मीटर पुरतात. समोर सहाशे मोकळे होते.

दक्षिणेला पोचल्यावर, १४०वर, पुन्हा तेच. विहिरीपर्यंत जायची गरजच नव्हती. तिथल्या तिथे डावीकडे वळला असता तर पट्टीच्या मध्यावर आरामात टेकला असता.

"मंग काहून गेलास विहिरीपर्यंत?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा घसरते.

त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "कारण वळायची जागा विहीर होती, सर."

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिणं अवघड आहे. आम्ही विहीर दाखवली होती, १२० दाखवलं होतं. विहिरीवरून पट्टी किती खाली दिसायला हवी, नजरेचा कोन किती हवा, तो कोन चपटा व्हायला लागला की विहीर असो नसो वळायचं, हे दाखवलंच नव्हतं. मी स्वतः कोनावरच वळायचो. पण चाळीस पोरांना शिबिराच्या बारा दिवसांत शिकवायचं तर विहीर दाखवणं सोपं. विहीर हलत नाही. सगळ्यांचा फेरा एकसारखा दिसतो, पाहुणे आले की छान वाटतं. शांत सकाळी विहीर आणि कोन दोन्ही एकच उत्तर देतात, त्यामुळे पोराने विहीर पाहिली की कोन, ते शिकवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. वारा फिरतो, हवा बुडते, तेव्हा ती दोन उत्तरं वेगळी होतात.

त्याने विहिरीवर काटा पाहिला होता का? पाहिला होता. ७५. "१२० पाहिजे होते हे माहीत होतं. पण आता काय करायचं ते पाठ नव्हतं."

उतरतानाच्या चुकांमध्ये काही अगदीच साध्या असतात. आत घेता येणाऱ्या चाकाच्या ग्लायडरात चाकाचा दांडा समजून ब्रेकचा ओढणं, ब्रेक न अडकवताच लाँच घेणं आणि वर ग्लायडर तरंगत का नाही म्हणून बुचकळ्यात पडणं. अशा चुका दांड्यांना वेगळे रंग देऊन आणि तपासणी मोठ्याने म्हणायला लावून बऱ्याचशा आटोक्यात येतात. काटोलच्या चुकीला रंग देता येत नाही.

तर्री-पोहे

मध्यावर उतरायला काय हरकत होती, हा प्रश्न मी त्याला दोनदा विचारला. दुसऱ्यांदा तो हसला. "सर, विसरले तुमी? तर्री-पोहे."

विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

ग्लायडर लांब उतरलं की ते ढकलत परत आणावं लागतं. चार पोरं, ४४ अंश, पायाखाली तापलेला मुरूम. जो लांब उतरेल त्याला शिव्या. या शिव्यांना वळण लावायचं म्हणून मी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी नियम केला: सुरुवातीच्या निशाणापासून पन्नास मीटरच्या आत थांबायचं. जो बाहेर थांबेल त्याने शेवटच्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे. एका फटक्यात पोरांचं उतरणं सुधारलं. मी खुश. वहीत रोजचे आकडे लिहायचो, कोण किती मीटरवर थांबला. काटोलची ओळ सगळ्यात सरळ. दहा दिवस एकदाही पन्नासच्या बाहेर नाही.

"एक दिवस राहिला होता फक्त," तो म्हणाला.

चाळीस जणांचे पोहे त्या काळी फार तर शंभर-दीडशे रुपयांचे. त्याचा जीव त्यासाठी पणाला लागला असं म्हणणं ओढूनताणून होईल. माणूस एका कारणाने असा वळत नाही. पण २१० मीटरवर, पट्टीच्या उत्तर कडेला, त्याच्यासमोर दोन रस्ते होते. त्यातला एक मी दहा दिवस रोज वहीत लिहून महाग केला होता.

चौकशीच्या कागदात हा नियम नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लपवला असंही नाही. तेव्हा त्याचा संबंध आहे हे सुचलंच नव्हतं. अपघाताची चौकशी दोष ठरवायला नसते, पुढचा अपघात टाळायला असते, हे आंतरराष्ट्रीय नियमांत तेव्हाही लिहिलेलं होतं आणि मी ते वर्गात वाचूनही दाखवायचो. कारणाचा रकाना मात्र दोन इंचांचा होता आणि "वैमानिकाची चूक" त्यात बरोबर मावत होतं.

पुढच्या वर्षी

पुढच्या शिबिरात मी काही गोष्टी बदलल्या. त्या वेळी तर्री-पोह्यांचा नियम अपघाताशी जोडून काढला नाही, नुसता मागे पडला; विंच बदलला, माणसं बदलली. दुपारचं उडणं दोन वर्षं बंदच होतं. पण एक गोष्ट मी तेव्हाच, कारण नीट न कळताही, सुरू केली होती. विहिरीवर ७५ असताना त्याने काटा पाहिला होता आणि तरी पुढे गेला होता, हे मनातून जात नव्हतं. म्हणून दहाव्या लाँचनंतर मी विद्यार्थ्यासमोरच्या अल्टिमीटरवर जाड पुठ्ठा चिकटवायचो आणि विंचने सोडल्यावर फेरा कधी उत्तरेकडून, कधी दक्षिणेकडून, कधी अर्धाच घ्यायला सांगायचो. उतरायची जागाही दर वेळी वेगळी, कधी पार पश्चिमेला विंचजवळ. ढकलण्यासाठी एक जीप मिळवली. ती मिळवायला चार अर्ज लागले.

पहिल्याच दिवशी उमरेडकडचा एक पोरगा शेजारी बसला. पुठ्ठा बघून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सर, मंग पाह्यचं कशाकडे?"

मी खाली धावपट्टीकडे बोट केलं. तो पाहत राहिला. आम्ही विहीर ओलांडायच्या बऱ्याच आधी त्याने स्टिक डावीकडे घेतली.